छत्रीखालून गेलेली आरामखुर्ची

या, जरा जवळ सरका. मागच्या बाकावर अंग चोरून बसलेल्यांनीही पुढे यावं, इथे वर्गणीची थाळी फिरणार नाही. गोष्ट मात्र देण्याचीच आहे. एका भल्या माणसाने एकच खुर्ची देवाला दोनदा कशी दिली, ते सांगतो. ऐकून झाल्यावर माझं तुमच्याकडे एक मागणं आहे, पण ते शेवटी. आधीच सांगितलं तर निम्मे लोक चपला शोधायला लागतील.

तर कोठारमामा. सगळी मंडळी त्यांना याच नावाने हाक मारायची, कारण शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कोठारावर त्यांची हयात गेली होती. नळाच्या तोट्या, पाइपांचे सांधे, रबरी वॉशर, सगळं त्यांच्या ताब्यात. त्यांची सही झाल्याशिवाय तिथून वॉशरसुद्धा हलत नसे. हीच शिस्त घरात. घरातल्या प्रत्येक वस्तूच्या पोटाखाली पांढऱ्या रंगाने मामांचं नाव घातलेलं होतं. लग्नाच्या दिवशी यांच्या हातात ब्रश नव्हता म्हणून मी वाचले, असं मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

चर्चच्या कमिटीत खरेदीचं काम अर्थातच मामांकडे. त्यांचा नियम एकच: तीन कोटेशनं आल्याशिवाय खरेदी नाही. मग ती घंटा असो की झाडू. दोन कोटेशनं आली की मामा तिसऱ्याची वाट बघत बसत, आणि तिसरं येईतो पहिल्या दुकानदाराने दुकान विकून गावाकडे घर बांधलेलं असे. यामुळे चर्चचे पैसे फार वाचले हे खरं. झाडू मात्र दोन वर्षं नव्हता.

आता मामा कंजूष होते असं कुणी समजू नका. पगाराचा दशमांश दर महिन्याला पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, ते नीट चिकटलंय का हे उजेडात धरून बघून ते थाळीत टाकत. त्यात कधी खंड नाही. कारभारी कसा असावा, तर असा. बिघडलं ते गाण्याने.

आमचे पाळकसाहेब प्रवचन गाऊन सांगतात. पेटी मांडीशी ओढून घेतात, चार वाक्यं बोलतात, पाचवं गातात, आणि मंडळीने धृपद उचललं की पुन्हा बोलू लागतात. मला विचाराल तर बोललेलं प्रवचन डोक्यात जातं आणि तिथेच मुक्काम करतं. गायलेलं प्रवचन खाली पायांत उतरतं, आणि मग माणसाला घरी स्वस्थ बसू देत नाही. त्या रविवारी धृपद होतं, "घर तुझे, दार तुझे, आम्ही नुसते कारभारी." मंडळी रंगली होती. मागे दाराशी, घंटेच्या दोरीशेजारी उभ्या राहून घंटेवाल्या आजींनी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या वरचा सूर लावला होता. तो सूर म्हणजे काय सांगू, खिडकीच्या काचा आपापसात बोलायला लागायच्या.

मामांच्या डोळ्यांना धार लागली. साक्ष देण्याची, म्हणजे मनातलं सगळ्या मंडळीसमोर सांगण्याची, वेळ आली तेव्हा ते उठले आणि म्हणाले की, मी आजवर फक्त पगाराचा दहावा भाग दिला; पण घर जर देवाचं, तर घरातल्या वस्तूंचा दशमांश कुठे आहे? बायबलमधल्या जुन्या नियमशास्त्रात मेंढपाळ आपला कळप काठीखालून सोडायचा, आणि दहावं मेंढरू जे येईल ते देवाचं. धट्टंकट्टं की लंगडं हे बघायचं नाही. अदलाबदल करायची नाही. आपल्याकडे मेंढरं नाहीत, पण सामानसुमान आहे. येत्या शनिवारी माझं सगळं घर काठीखालून जाईल.

मंडळीने टाळ्या वाजवल्या. मामींना ही बातमी तिथेच, बाकावर बसल्या बसल्या कळली. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी मामांकडे बघितलं, आणि मग मान वळवून मागे दाराकडे बघितलं, एवढंच.

शनिवारी काठी सापडेना, म्हणून छत्री घेतली. ती स्वैपाकघराच्या दारात आडवी धरून मामा उभे राहिले आणि मामी एकेक वस्तू खालून नेऊ लागल्या. मोजणी मामांची, वस्तूंची रांग मामींची. देवाची करणी बघा, दहावा नेमका कान तुटलेला कप निघाला. विसावं ते बूड फुगलेलं पातेलं, जे ठेवलं की स्वतःभोवती फिरायचं. तिसावं घड्याळ, ते मामांच्या सहकाऱ्यांनी भेट दिलेलं होतं आणि त्याच्या टोल्यांनी मामी गेली कित्येक वर्षं दचकत आल्या होत्या. मामांचा ऊर भरून आला. म्हणाले, अगं, बघ, देव आपल्याकडून काही जड मागत नाही. मामी म्हणाल्या, हो ना, मलाही नवल वाटतंय.

मग बाहेरच्या खोलीची पाळी आली. छत्री आता बाहेरच्या दारात आडवी झाली, आणि इथे रांग मामांनी लावली. कारण या खोलीत त्यांची आरामखुर्ची होती.

या खुर्चीबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, त्याशिवाय पुढचं दुःख कळायचं नाही. लाकडी चौकट, त्यात झोळीसारखं जाड कापड, आणि पाय टाकायला पुढे येणारे लांब हात. मामा कोठारातून आले की चहाचा कप घेऊन तिच्यात उतरत. बसत नसत, उतरत. ज्या माणसाचं दिवसभर साहेब ऐकत नाही, घरी बायको ऐकत नाही आणि कमिटीत सेक्रेटरीबाई बोलू देत नाहीत, त्या माणसाचं जगात एक सिंहासन होतं, ते हे.

तर मामांनी खुर्ची नवव्या जागी लावली आणि दहाव्या जागी चपलांची मांडणी. यात लबाडी नव्हती असं ते आजही सांगतात. नजरेला ते तसं बरं दिसत होतं, इतकंच. सात झाल्या, आठ झाल्या, आणि तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे ऑडिटरसाहेब एक स्टूल डोक्यावर घेऊन दारातून आत आले, ते थेट छत्रीखालून. दिवे बदलायला नेलेलं स्टूल त्यांच्याकडे कधीपासून पडून होतं. मामींचा निरोप आला, आत्ताच्या आत्ता हवंय म्हणून, तेव्हा लगेच आणलं, असं ते म्हणाले आणि त्याच स्टुलावर बसले.

नववं स्टूल झालं.

स्टूल धरायचं नाही, असं मामा म्हणाले. मामींनी ऑडिटरसाहेबांना उठवलं, स्टूल उलटं केलं आणि खालचं पांढरं नाव दाखवलं. म्हणाल्या, आपलंच आहे की. ऑडिटरसाहेबांचं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलेलं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं तरी ते म्हणाले की, उसनी दिलेली मालमत्ता ही मालकाचीच मालमत्ता.

दहावी खुर्ची.

मामा म्हणाले की, खुर्ची जुनी आहे, देवाला जुनं देऊ नये, त्यापेक्षा आपलं पुस्तकांचं कपाट द्यावं, ते चांगलं सागवानी आहे. मामी एका सुवार्तिकाची, गावोगाव शुभवर्तमान सांगत फिरणाऱ्या माणसाची, मुलगी. नियमशास्त्र त्यांनी पाळण्यातच ऐकलेलं. त्या म्हणाल्या, "अहो, अदलाबदल चालत नाही. आणि केलीच, तर मूळचंही देवाचं आणि बदलीचंही देवाचं. तसा नियमच आहे. रविवारी तुम्ही तेवढं सांगायचं विसरलात."

म्हणजे खुर्चीही गेली आणि कपाटही गेलं. मामांनी रागाने छत्री जमिनीवर आपटली आणि म्हणाले, मग ही छत्रीसुद्धा घ्या. ऑडिटरसाहेबांनी शांतपणे विचारलं, ही बदली समजायची की स्वतंत्र देणगी? मामी म्हणाल्या, घ्या म्हणाले ना, गेली.

त्या संध्याकाळी हातगाडीवर सगळ्यात खाली कपाट, त्यावर खुर्ची, खुर्चीत घड्याळ, पातेलं, कप आणि छत्री अशी वरात चर्चकडे निघाली. कोपऱ्यावर घड्याळाने टोले दिले तेव्हा रस्त्यातले लोक बाजूला झाले. मागून मामा, मयताला जातात तसे.

चर्चमध्ये सेक्रेटरीबाई होत्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, तरी शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्यांनी पावतीपुस्तक उघडलं आणि सांगितलं की, यात रोख आणि चेक असे दोनच रकाने आहेत, आरामखुर्चीचा रकाना नाही. 'इतर'मध्ये लिहायचं तर कमिटीचा ठराव लागेल. ठरावासाठी सभा लागेल. सभेची सूचना आठ दिवस आधी लागेल. तोवर सामान ओसरीत घंटेखाली ठेवा, आणि रांगेत ठेवा. मामांनी तोंड उघडलं, पण हे सगळे नियम त्यांनी स्वतःच सुचवलेले होते, म्हणून मिटलं.

पुढच्या रविवारी मामांचं उदाहरण सगळ्या मंडळीने घेतलं. घराघरांतून दशमांश येऊ लागला, आणि काय चमत्कार आहे बघा, प्रत्येक घरात दहावी वस्तू नेमकी मोडकीच निघाली. तीन चाकांची बाबागाडी आली. व्यायामाची सायकल आली; तिच्यावर टॉवेल तसेच वाळत होते. कपाटाएवढा जुना टीव्ही आला, अर्धा पलंग आला. उरलेला अर्धा पलंग दुसऱ्या भावाकडे होता आणि त्या घरात तो नववा भरला होता. ओसरी भरली, मग पायऱ्या भरल्या. गायकवृंदाला आत यायला खिडकीशिवाय वाट राहिली नाही, आणि त्यांतल्या जाड्या खर्जवाल्या भाऊंनी तो रविवार बाहेरूनच गायला. शेवटी कमिटीने ठरवलं की शनिवारी भंगारवाल्याला बोलवायचं, सगळं विकायचं आणि येतील ते पैसे गरिबांच्या निधीत घालायचे.

सगळं विकायचं. म्हणजे मामांची आरामखुर्चीसुद्धा.

घरी त्यांची दशा बघवत नव्हती. कोठारातून येत, चहाचा कप हातात घेत आणि जिथे खुर्ची होती तिथे नुसते उभे राहत. जेवणाच्या खुर्चीत बसून बघितलं, तर ती पाठीला जाब विचारी. पलंगावर बसले तर झोप लागे. एकदा सवयीने खुर्चीत उतरले, म्हणजे खुर्ची नव्हती तरी उतरले, आणि पुढचे दोन दिवस कोठारात उभ्यानेच सह्या केल्या.

ते पाळकसाहेबांकडे गेले. आडून आडून विचारलं की, आपण काही आता नियमशास्त्राखाली नाही, आपण कृपेखाली आहोत, तेव्हा हे काठी, छत्री, दहावं वगैरे आपल्याला लागू होतं का? पाळकसाहेब पेटीचा भाता पुसत होते. एकदम खूश झाले. म्हणाले, "मामा, बरोबर ओळखलंत. कृपेत दहावा भाग नाही. कृपेत दहाच्या दहा."

मामा घाईघाईने नियमशास्त्राकडे परत आले. आणि तिथे त्यांना वाट सापडली. शेतातल्या पिकाचा दशमांश सोडवून घ्यायचा असेल, तर त्याची किंमत भरायची आणि वर तिचा पाचवा हिस्सा घालायचा, असं तिथे सांगितलेलं आहे; कळपाला ही सूट नाही, पण खुर्ची म्हणजे काही मेंढरू नव्हे, असं मामांनी ठरवलं. मामांनी मामींना ते दोनदा वाचून दाखवलं. मामी म्हणाल्या, मला पाठ आहे, मी फक्त तुम्हाला कधी सापडतंय ते बघत होते.

अर्ज गेला. सेक्रेटरीबाईंनी तो वाचला, त्यातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक लाल शाईने दुरुस्त केली आणि म्हणाल्या की, किंमत ठरवायची तर तीन कोटेशनं लागतील.

मग सुरू झाली मामांची तीर्थयात्रा. त्यांनी आधी फर्निचरवाल्याला ओसरीत आणलं. त्याने खुर्ची बुटाच्या टोकाने हलवली आणि जळाऊ लाकडाचा भाव सांगितला. भंगारवाल्याने एका बोटावर उचलून बघितली आणि म्हणाला, लोखंड असतं तर बोललो असतो. तिसरे ऑडिटरसाहेब. त्यांनी खरेदीची किंमत विचारली, दर साल घसारा वजा केला आणि चष्म्यावरून बघत जाहीर केलं की, या खुर्चीची किंमत शून्य आहे. खरं तर शून्याच्या थोडी खालीच, पण आपण सोडून देऊ. शून्याचा पाचवा हिस्साही शून्य. तेव्हा अभिनंदन, मामा, फुकट घेऊन जा.

कुणालाही वाटेल की मामांनी आनंदाने उडी मारली असेल. मामा लालबुंद झाले. म्हणाले, "ज्या खुर्चीत बसून मी मुलीचं लग्न ठरवलं, ज्या खुर्चीत बसून रोज प्रार्थना केली, ती शून्य?" प्रार्थना करता करता घोरायचे, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मामींनीही सांगितलं नाही. ते थेट सेक्रेटरीबाईंकडे गेले आणि भाव करू लागले. बाईंनी कमी सांगायचा, मामांनी वाढवायचा. बाईंच्या सगळ्या कारकिर्दीत स्वतःच्याच खिशाविरुद्ध इतक्या तावातावाने भांडणारा माणूस त्यांनी बघितला नव्हता. शेवटी नव्या खुर्चीची पूर्ण किंमत आणि वर पाचवा हिस्सा, इथे सौदा ठरला. मामांनी निवृत्तीच्या समारंभासाठी नव्या कोटाचे पैसे बाजूला ठेवले होते, ते मोजून दिले. बाईंनी 'रोख' या रकान्यात पावती केली. रकाना होता, त्यामुळे त्यांनाही बरं वाटलं.

शनिवारी सकाळी, भंगारवाला यायच्या आधी, मामा तोच हातगाडीवाला घेऊन चर्चकडे निघाले. खिशात पावती, छाती पुढे. धृपद गुणगुणत होते म्हणे.

ओसरीत ढिगाच्या मधोमध जागा करून खुर्ची घंटेखाली मांडलेली होती, आणि खुर्चीत घंटेवाल्या आजी बसल्या होत्या. पाय लांब केलेले. गुडघ्यांवर शाल. घंटेच्या दोरीला खाली एक जास्तीचा तुकडा बांधला होता, म्हणजे बसल्या जागेवरून ओढता यावी. आजी डोळे मिटून गात होत्या, "घर तुझे, दार तुझे." पण आवाज काचा हलवणारा नव्हता. खालच्या पट्टीतला, उबदार, भरलेला. मामा इतकी वर्षं ज्या आजींना ऐकत होते त्या या नव्हेतच.

आजींनी डोळे उघडले. म्हणाल्या, "काय रे, हातगाडी कशाला?"

मामा म्हणाले, सहज.

"सहज कुणी हातगाडी आणतं होय? बस तिथे टीव्हीवर." मग त्या आपणहूनच बोलत राहिल्या. उभं राहिलं की सूर वर चढतो, कारण गुडघे ओरडतात आणि तो आवाज दाबायला आपल्याला त्याच्यावरून ओरडावं लागतं. लोकांना वाटतं म्हातारी भक्तीने गाते. भक्ती आहेच, पण ती बसूनही येते. कमिटीकडे खुर्ची मागून किती दिवस झाले. दोन कोटेशनं आली होती म्हणे. तिसरं कुणाला तरी हवं होतं. हे 'कुणाला तरी' म्हणताना त्या मामांकडे बघत नव्हत्या, घंटेकडे बघत होत्या. "शेवटी देवानेच पाठवली. त्याने काही कमिटीला विचारलं नाही."

मामांच्या खिशातली पावती एकाएकी फार जड झाली. दरमहा चिकटवलेली सगळी पाकिटं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली, आणि प्रत्येक पाकिटामागे दाराशी उभी असलेली ही म्हातारी. पाकिटं उजेडात धरून बघताना ती कधी दिसली नव्हती.

"आणि हे बघ," आजी म्हणाल्या, "खाली तुझं नाव आहे. ते पुसून टाक. वरून बसलं तरी टोचतं."

मामा खाली वाकले. वाकून जमेना, तेव्हा ओसरीच्या फरशीवर गुडघे टेकून बसले, आणि हातगाडीवाल्याकडून किल्ली घेऊन खुर्चीच्या पोटाखालचं आपलं नाव खरवडू लागले. रंग चांगला होता, कोठारातला, निघता निघेना. आजी वरून सांगत होत्या, अजून थोडं डावीकडे राहिलंय. नाव गेलं तेव्हा त्या म्हणाल्या की, कापडही ढिलं झालंय, देणारा बराच जड असावा. तेही मामांनी घट्ट करून दिलं. मग आजींनी दोरी ओढली. घंटा वाजवायची वेळ नव्हती, पण त्या म्हणाल्या की, बसून कशी वाजते ते एकदा ऐक तरी.

मामा रिकामी हातगाडी घेऊन घरी आले. हातगाडीवाल्याने दोन्ही फेऱ्यांचे पैसे घेतले. रिकामं नेणंही नेणंच, असं त्याचं म्हणणं. मामी दारात उभ्या होत्या. त्यांनी हातगाडी बघितली, मामांच्या पँटचे धुळीने माखलेले गुडघे बघितले, आणि विचारलं की, किंमत भरली ना? मग खुर्ची कुठाय?

"अगं, भरली, आणि तिथेच ठेवून आलो."

"म्हणजे दोनदा दिलीत."

मामा म्हणाले, "मामला उलटा झाला. आधी दिली तेव्हा ती माझ्याकडून गेली. आज मी दिली." आणि स्वतःच इतक्या मोठ्याने हसले की ऑडिटरसाहेब काय झालं ते बघायला वर आले, आणि आलेच आहेत तर चहाला थांबले. बसले स्टुलावर.

त्या स्टुलाकडे बघता बघता मामांना काहीतरी आठवलं. त्यांनी मामींना विचारलं की, इतके महिने पडून असलेलं स्टूल तुला नेमकं त्याच क्षणी कसं हवं झालं? आणि साक्षीच्या दिवशी टाळ्या वाजवायच्या सोडून तू मागे दाराकडे काय बघत होतीस? मामी साखर ढवळत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही कळप छत्रीखालून सोडलात. कळपाला हाकायला कुणीतरी लागतंच की."

मामा जुन्याच कोटात निवृत्त झाले. पुढच्या कमिटीत त्यांनी तीन कोटेशनांचा नियम बदलला: बसायची वस्तू असेल तर एक पुरे. आजकाल ते चहाचा कप घेऊन त्याच स्टुलावर भिंतीला टेकून बसतात, आणि पाठ दुखते म्हणून कुरकुरतात, पण आनंदाने.

आता ते मागणं. येत्या रविवारी घंटा ऐकलीत, किंवा दमून येऊन एखाद्या मऊ खुर्चीत पाय लांब केलेत, की आमच्या घंटेवाल्या आजींची आठवण काढा. प्रार्थनेत त्यांच्या गुडघ्यांसाठी एक शब्द घाला. आणि उठण्याआधी एकदा मान वळवून दाराकडे बघा, कोण उभं आहे ते.